जुन्या यांत्रिक नौकेचे इंजिन तापते तेव्हा

(यांत्रिक नौकांचे मालक, तांडेल व खलाशी यांच्या मार्गदर्शनवर्गातील भाषण)



नौकेच्या इंजिनाविषयी बोलण्याचा प्रसंग आला म्हणजे बहुधा नव्या इंजिनाची चर्चा होते. त्याची अश्वशक्ती किती, डिझेल किती लागते, कर्ज कोठून मिळेल, हे प्रश्न महत्त्वाचेच आहेत. परंतु मालीम, कुटबण, शापोरा किंवा वास्को येथील धक्क्यावर क्षणभर उभे राहिले तर ध्यानात येते की, तेथे नांगरलेल्या नौका सर्वच काही नव्या नाहीत. लाकडी सांगाड्याला अनेक पावसाळे लागलेले, इंजिन एकदा-दोनदा उघडून पुन्हा बसविलेले, नळ्या जोडून-जोडून चालविलेल्या, अशाही नौका तेथे आहेत आणि त्यांवर कुटुंबे पोसली जातात. या जुन्या नौकांना जडणारा सर्वांत सामान्य विकार म्हणजे इंजिन तापणे. आजचे विवेचन त्याविषयी आहे.

हा विकार केवळ खर्चाचा नाही. शापोरा आणि साळ या नद्यांच्या मुखाशी वाळू साचते, पात्र उथळ होते आणि लाटा तेथेच फुटतात. खोल समुद्रात इंजिन बंद पडले तर वेळ हाताशी असतो, शेजारची नौका दोर टाकू शकते. मुखावरील वाळूच्या दांड्यावर मात्र इंजिनाने पाच मिनिटांसाठी दगा दिला तरी नौका आडवी होते. दुर्दैव असे की, दिवसभर जाळे ओढून थकलेले इंजिन परतीच्या वेळी, नेमके याच जागी, पूर्ण जोर मागितला जात असता तापते. तेव्हा तापमापकाचा काटा वर सरकू लागला म्हणजे "धक्क्यावर पोचल्यावर पाहू" असे म्हणणे हा हिशेब चुकीचा ठरतो. मुखात शिरण्यापूर्वी, पाणी खोल आणि शांत असतानाच थांबून पाहावे.

थांबून प्रथम काय करावे? जाळे पाण्यात असेल तर इंजिनावरचा भार आधी उतरवावा, वेग कमी करावा आणि बाहेर पडणाऱ्या पाण्याकडे पाहावे. काही नौकांत थंडावा देणारे समुद्राचे पाणी धुराबरोबर बाहेर पडते. काहींत धूर नळकांड्यातून वर जातो आणि पाणी बाजूच्या भोकातून वेगळे पडते. पाणी पडत असेल तर इंजिन लगेच बंद करू नये. त्याला मंद गतीने थोडा वेळ चालू द्यावे, म्हणजे आतील उष्णता सारखी पसरून हळूहळू निघून जाते. पाणी अजिबात पडत नसेल, किंवा नुसती वाफ येत असेल, तर मात्र इंजिन तत्काळ बंद करावे. आणि इंजिनाचे झाकण उघडण्यापूर्वी नांगर टाकावा. ही गोष्ट सांगावी लागते याचे कारण असे की, इंजिन बंद पडताच सर्व जण खाली धावतात आणि नौका कोणीकडे वाहत चालली आहे हे पाहण्यास वर कोणी उरत नाही.

दोन गोष्टी कटाक्षाने टाळाव्यात. तापलेल्या इंजिनाच्या पाण्याच्या टाकीचे झाकण उघडू नये. आत दाबाखाली कोंडलेले पाणी उकळबिंदूच्याही वर गेलेले असते आणि झाकण सैल होताच ते चेहऱ्यावर उसळते. अर्धा-पाऊण तास थांबून, जाड कापड धरून, झाकण प्रथम थोडेसेच फिरवावे. दुसरे, तापलेल्या इंजिनावर बादलीने समुद्राचे थंड पाणी ओतू नये. ओतीव लोखंड एका बाजूने एकदम निवले की तडकते, आणि मग जो दोष शंभर रुपयांचा होता तो संपूर्ण इंजिनाचा होऊन बसतो.

आता मूळ प्रश्नाकडे वळू. डिझेल जळून जी उष्णता निर्माण होते तिचा, ढोबळमानाने, तिसरा हिस्साच पंखा फिरविण्याच्या कामी येतो. दुसरा हिस्सा धुरावाटे जातो आणि उरलेला बव्हंशी पाण्याने वाहून न्यावा लागतो. म्हणजे इंजिन जेवढे काम करते, जवळजवळ तेवढीच उष्णता पाण्याच्या अंगावर पडते. ही वाट कोठे तरी अडली की इंजिन तापते. तापलेल्या इंजिनात पुष्कळदा इंजिनाचा दोष नसून पाण्याच्या वाटेचा दोष असतो. म्हणून पाना हाती घेऊन हेड उघडण्याची घाई करू नये. समुद्राचे पाणी जेथून आत येते तेथून निघावे आणि ते जेथून बाहेर पडते तेथपर्यंत त्याच्या वाटेने जावे.

त्याआधी इंजिनाला, म्हणजेच ते चालविणाऱ्या तांडेलाला, काही प्रश्न विचारावेत. चांगला वैद्य नाडी धरण्यापूर्वी रोग्याशी बोलतो, तसेच हे आहे. इंजिन एकाएकी तापले की गेले काही आठवडे थोडे थोडे अधिक तापत आले? एकाएकी तापले असेल तर पट्टा तुटला असेल, इंपेलर फाटला असेल किंवा पाणी घेणाऱ्या भोकावर प्लास्टिकची पिशवी बसली असेल. हळूहळू तापत आले असेल तर नळ्यांत क्षार साचले असतील, अथवा नौकेचा तळ शिंपल्यांनी माखला असेल. मंद गतीत ठीक असते आणि वेग वाढविला की तापते काय? मग पाणी येते पण पुरेसे येत नाही, असे समजावे. थोडा वेळ बंद ठेवले की पुन्हा ठीक चालते आणि तासाभराने परत तापते काय? पिशवीचे हे नेहमीचे लक्षण होय. पंप ओढत असतो तोवर ती भोकाला चिकटून राहते आणि इंजिन थांबले की सुटून खाली लोंबते. धक्क्यावर आल्यावर यंत्रकाराला काहीच सापडत नाही आणि तांडेलावर उगाच बोल येतो.

आता वाट चालू लागू. नौकेच्या तळाशी पाणी आत घेणारे भोक असते, त्यावर बाहेरून जाळी आणि आतून कॉक असतो. पावसाळ्यानंतर नदीत उभी राहिलेली नौका पहिल्यांदा बाहेर काढली जाते तेव्हा या जाळीवर लहान शिंपले व चुनखडी कवचाचे जीव घट्ट बसलेले असतात. नदीच्या वरच्या भागातून येणारी जलपर्णी, समुद्रातील जेलीफिश, जाळ्याचे तुटलेले धागे, हे सर्व येथेच अडते. कॉक पूर्ण उघडा आहे ना, हेही पाहावे. जुन्या कॉकची दांडी फिरते, परंतु आतील झडप गंजून जागच्या जागी राहते, असे पुष्कळदा आढळते.

त्यापुढे गाळणी. गाळणी उघडण्यापूर्वी कॉक बंद करावा, नाही तर पाणी थेट नौकेत येईल. गाळणी स्वच्छ करताना तिच्या झाकणाखालची रबरी चकती नीट बसली पाहिजे. पुष्कळ नौकांत पंप पाण्याच्या पातळीच्या वर असतो. अशा ठिकाणी चकती ढिली राहिली तर पाणी बाहेर गळत नाही, उलट बाहेरची हवा आत ओढली जाते. गळती दिसत नाही म्हणून दोष नाही असे वाटते आणि पंप पाण्याऐवजी फेस ओढत राहतो. संशय आल्यास सांध्यांभोवती जाड ग्रीस फासावे. लगेच पाण्याची धार वाढली तर दोष तेथेच आहे.

रबरी नळीही फसवी असते. बाहेरून ती ठणठणीत दिसते, पण आतील थर सुटून पडद्यासारखा लोंबतो. काही नळ्या जुन्या झाल्यावर इतक्या मऊ होतात की, वेग वाढताच पंपाच्या ओढीने आत चेपल्या जातात. इंजिन वेगात असताना नळी हातात धरून पाहिल्यास हे कळते, अर्थात फिरणाऱ्या पट्ट्यापासून हात व कपडे दूर ठेवूनच.

मग येतो पंप आणि त्यातील रबरी इंपेलर. या वाटेवरचा सर्वांत नाजूक भाग हाच. त्याला वंगण म्हणून पाणीच लागते. कोरडा फिरला तर तो मिनिटाभरात जळून तुटू शकतो. कॉक बंद ठेवून इंजिन सुरू करण्याची एक चूक त्याला पुरे होते. शिवाय आपल्या नद्यांच्या मुखाशी वाळू आणि गाळ उसळत असतो. ही वाळू इंपेलरच्या पात्यांची टोके आणि पंपाची आतील भिंत, दोहोंनाही झिजविते. भिंतीवर चरे पडले असतील तर नवा इंपेलर घालूनही पुरता ओढ येत नाही आणि मालकाला वाटते, दुकानदाराने माल हलका दिला. इंपेलर बाहेर काढल्यावर त्याची पाती मोजावीत. एखादे पाते नसेल तर ते नाहीसे झालेले नाही. ते पुढे वाहत जाऊन कूलरच्या तोंडाशी अडकले आहे. ते शोधून काढल्याविना नवा इंपेलर घालणे म्हणजे अर्धी दुरुस्ती होय. या एका दुर्लक्षामुळे दुरुस्ती होऊनही इंजिन तापतच राहते आणि मग विनाकारण हेड उघडले जाते.

पंपाच्या पुढे दोन प्रकारची रचना आढळते. काही जुन्या इंजिनांत समुद्राचे पाणीच थेट इंजिनाच्या पोटातून फिरते. इतरांत इंजिनात गोडे पाणी कोंडलेले असते आणि समुद्राचे पाणी कूलरच्या बारीक नळ्यांतून जाऊन त्या गोड्या पाण्याला निववते. (काही नौकांत गोडे पाणी तळाखालच्या नळ्यांतून फिरविले जाते. तेथे त्या नळ्यांवर बसलेले शिंपले, चिखल आणि चुकून फासलेला रंग यांकडे पाहावे.) दोन्ही प्रकारांत मोठा शत्रू एकच, आणि तो म्हणजे क्षार. समुद्राच्या एका लिटर पाण्यात साधारणतः ३५ ग्रॅम क्षार विरघळलेले असतात. साखर गरम पाण्यात अधिक विरघळते हे सर्वांना ठाऊक आहे, परंतु चुन्यासारख्या काही क्षारांचे उलट आहे. पाणी तापले की ते पाण्यातून निघून भिंतीवर बसतात. म्हणूनच ज्या इंजिनातून समुद्राचे पाणी थेट फिरते त्याचे तापमान मुद्दाम कमी, सुमारे ६० अंश सेल्सियसच्या आसपास ठेवलेले असते. गोड्या पाण्याचे इंजिन ८० अंशांच्या आसपास सुखाने चालते. पहिल्या प्रकारच्या इंजिनात दुसऱ्या प्रकारचा थर्मोस्टॅट बसविला तर क्षारांचा थर झपाट्याने चढतो. हा थर उष्णतेला अडवितो, त्यामुळे इंजिन अधिक तापते, आणि अधिक तापल्याने थर आणखी वाढतो. किनाऱ्यावरील माध्यमिक शाळांतील विज्ञानशिक्षकांनी समुद्राचे पाणी एका भांड्यात उकळून तळाशी बसणारा पांढरा थर मुलांना दाखविला, तर त्यांतील कित्येक मुलांना तो घरच्या नौकेत पुढे ओळखता येईल.

कूलर तुंबला आहे की पाणीच कमी येते आहे, हे ओळखण्याची एक सोपी युक्ती आहे आणि तिला कोणतेही उपकरण लागत नाही. बाहेर पडणारे समुद्राचे पाणी पाहावे आणि जपून हाताने अजमावावे. पाणी थोडे पडते आणि फार गरम आहे, तर ते आत कमी येत आहे. दोष मागे, जाळी, गाळणी, नळी, इंपेलर किंवा नळ्यांतील अडथळा यांत शोधावा. पाणी भरपूर पडते पण जेमतेम कोमट आहे आणि इंजिन मात्र तापले आहे, तर उष्णता त्या पाण्यापर्यंत पोचतच नाही. मग कूलरच्या नळ्यांवर थर बसला आहे, किंवा गोडे पाणी फिरत नाही. या एका परीक्षेने निम्मी शोधाशोध वाचते. इंजिन निरोगी असताना ठरावीक वेगाला १० लिटरची बादली किती सेकंदांत भरते हे मोजून लिहून ठेवले असेल, तर पाणी कमी झाले की नाही यावर वादच उरत नाही.

कूलरमध्ये जस्ताचा एक कांडा बसविलेला असतो. समुद्राच्या पाण्यात दोन धातू एकत्र आले की एक दुसऱ्याला खाऊ लागतो. जस्त आधी खाल्ले जावे आणि कूलर वाचावा, अशी ही योजना आहे. कांडा निम्मा झिजला की बदलावा. पुरता झिजलेल्या कांड्याचे तुकडे सुटून नळ्यांत अडकतात, आणि त्यानंतर नळ्यांनाच भोके पडू लागतात. गोड्या पाण्याच्या टाकीतील पाण्याची चव खारट लागली किंवा पाणी कारण नसताना कमी-अधिक होऊ लागले, तर अशी भोके पडल्याचा संशय घ्यावा. मात्र त्या पाण्यात शीतक द्रव्य मिसळलेले असेल तर चव घेऊ नये. ते विषारी असते.

गोड्या पाण्याच्या बाजूला पाहण्यासारख्या गोष्टी थोड्या आहेत. पट्टा ढिला आहे काय, टाकीच्या झाकणाची स्प्रिंग जाग्यावर आहे काय, पाण्याची पातळी किती आहे. थर्मोस्टॅटचा संशय असेल तर तो काढून पाण्याच्या पातेल्यात दोऱ्याने लोंबकळत ठेवावा आणि पाणी तापवावे. त्यावर कोरलेल्या अंशांच्या सुमारास तो उघडला पाहिजे. तो बिघडला म्हणून काढून फेकून देण्याची प्रथा धक्क्यावर सर्रास आहे. ती चांगली नाही. थर्मोस्टॅटवाचून इंजिन गरजेपेक्षा थंड चालते, डिझेल नीट जळत नाही आणि सिलिंडर लवकर झिजतो. काही इंजिनांत तर त्याच्या अभावी पाणी कूलरला वळसा घालून परत फिरते आणि इंजिन अधिकच तापते. संकटकाळी घरी परतण्यासाठी तो काढला तर समजण्यासारखे आहे, पण दुसऱ्या दिवशी नवा बसवावा.

टाकीचे झाकण इंजिन गार असतानाच काढून मग सुरू करावे. पाण्यात एकसारखे बुडबुडे येत राहिले, किंवा तेलाचा रंग दुधाळ झाला, तर हेड गॅस्केट गेले आहे वा हेड तडकले आहे असे समजावे. येथे तांडेलाचे काम संपते आणि कुशल यंत्रकाराचे सुरू होते.

पाण्याची सारी वाट निर्दोष असूनही इंजिन तापत असेल तर भाराकडे वळावे. जाळ्याचा दोर पंख्यात गुंतला आहे काय? पंखा वाकला आहे काय? तळावर शिंपल्यांचा थर चढला म्हणजे नौकेला तोच वेग देण्यास इंजिनाला कितीतरी अधिक राबावे लागते. धूर काळा येतो, इंजिन पूर्वीचे फेरे गाठत नाही आणि सोबत तापते, ही तीन लक्षणे एकत्र दिसली तर दोष पाण्यात नसून ओझ्यात आहे. मोठे जाळे लावून जुन्या इंजिनाकडून नव्याचे काम घेण्याचा मोह हाही याच सदरात मोडतो.

तापमापकाविषयीही एक गोष्ट सांगणे अवश्य आहे. काटा खोटे बोलू शकतो, आणि तो दोन्ही बाजूंनी. तारेतील दोषामुळे थंड इंजिन तापलेले दिसेल. उलट, पाणी पूर्णपणे निघून गेले असेल तर मापकाचे टोक पाण्याबाहेर, कोरडे राहते आणि इंजिन जळत असताना काटा खाली येतो. चढलेला काटा कारणाविना एकाएकी उतरला तर समाधान मानू नये, इंजिन बंद करून पाणी पाहावे.

लहान होड्यांवरील बाहेर लावावयाच्या मोटारींना असा मापक बहुधा नसतो. त्यांच्या मागील बाजूस पाण्याची बारीक सूचक धार पडते. धार थांबली तर मोटार थांबवावी आणि आधी त्या भोकात बारीक तार घालून पाहावे. पुष्कळदा वाळूचा कण किंवा किड्याने केलेले मातीचे घर एवढाच दोष निघतो.

सोबत काय ठेवावे? एक नवा इंपेलर व त्याची गॅस्केट, एक पट्टा, दोन हात रबरी नळी, चार क्लॅम्प, त्या क्लॅम्पना लागणारा पेचकस आणि पिण्याच्या पाण्याखेरीज गोड्या पाण्याचा एक वेगळा कॅन. ही पेटी मासळीच्या खणात नव्हे, तर इंजिनाजवळ कोरड्या जागी असावी. इंपेलर अंधारात, भर समुद्रात पहिल्यांदाच बदलण्यापेक्षा धक्क्यावर उजेडात एकदा बदलून पाहिलेला बरा. नौकेवरील किमान दोघांना ते काम आले पाहिजे.

पश्चिम किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै असे ६१ दिवस यांत्रिक मासेमारी बंद असते. या सर्व तपासणीस याहून सोयीचा काळ नाही. नौका बंद करण्यापूर्वी समुद्राच्या पाण्याच्या वाटेने गोडे पाणी फिरवून क्षार धुऊन काढावेत. पाण्याची टाकी उंचावर ठेवून तिची नळी पंपाला जोडली आणि कॉक बंद केला की हे काम अर्ध्या तासात होते, मात्र टाकी रिकामी होण्यापूर्वी इंजिन थांबविले पाहिजे. मग इंपेलर काढून ठेवावा, कारण दोन महिने दाबून राहिलेली पाती वाकडीच राहतात. कूलरची झाकणे उघडून नळ्या लाकडी काडीने साफ कराव्यात, लोखंडी सळईने नव्हे. थर कठीण असेल तर सौम्य आम्लाने तो उतरविता येतो, पण अॅल्युमिनियमचे भाग, बंद खोली आणि जळती विडी यांचा आम्लाशी मेळ नाही, म्हणून ते काम जाणत्याच्या हाती द्यावे. जस्ताचा नवा कांडा, तपासलेल्या नळ्या, मोजून ठेवलेली बादलीची धार, यांच्या तारखा इंजिनखोलीच्या दाराच्या आतील बाजूस तेलरंगाने लिहाव्यात. वही भिजते किंवा घरी राहते, दार मात्र नौकेबरोबरच असते, आणि हंगामाच्या मध्यावर यंत्रकार बदलला तरी मागे काय झाले ते त्याला तेथे उभ्याउभ्या वाचता येते.